चौथ्या मजल्यावरचं विमान

विमान घरात आणायचं, असं मीटरकाकांच्या मनात सुरुवातीला अजिबात नव्हतं. सुरुवातीला त्यांना फक्त अंतर मोजायचं होतं.

आता मोजायचं नाही तर दुसरं करायचं काय? उभी हयात पाणीखात्यात गेलेली. शहराच्या पोटातून कुठली पाइपलाइन कुठे वळते हे त्यांना स्वतःच्या तळहातापेक्षा जास्त पाठ. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी रोज सकाळी खाली जाऊन ते इमारतीचं पाण्याचं मीटर वाचून यायचे. कुणाच्या मोरीतला नळ गळतोय, हे त्या घरच्यांच्या आधी काकांना कळायचं. म्हणून मीटरकाका. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, ते फक्त कुरियरवाला वाचायचा.

तर झालं असं, की लेकीकडून विमानाची दोन तिकिटं आली. लेक त्यांची एकुलती एक, पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला नोकरीला. तिकडच्या विमानतळावर नवी धावपट्टी झाली होती, आणि त्या धावपट्टीवरचं पावसाचं पाणी वाहून नेणारी सगळी व्यवस्था हिने आखलेली. ज्यांनी ती धावपट्टी उभी केली (म्हणजे आडवी केली) त्यांचा विमानतळावर मोठा सत्कार होता. "आई, पहिल्या रांगेत दोन खुर्च्या धरून ठेवल्यात," लेक फोनवर म्हणाली. "दोन हं. एक नाही."

त्या दिवसापासून काका जमिनीवर नव्हते. भाजीवाली, पोस्टमन, बँकेत टोकन घेऊन बसलेली अनोळखी माणसं, कुणीही सुटलं नाही. "विमान उतरतं ना, त्याच्या खालचं गटार आमच्या मुलीचं!"

"अहो, गटार काय म्हणता? काहीतरी बरं म्हणा," काकू म्हणायच्या.

"मग काय म्हणू? चाळीस विमानं एका जागी अडकवून ठेवायची ताकद पाण्यात असते. ते पाणी जे मुकाट्याने घेऊन जातं, त्याला गटार म्हणतात. लाजायचं काय त्यात?"

एवढा अभिमान, एवढा गाजावाजा. पण काकू एक गोष्ट जाणून होत्या, आणि ती गोष्ट अशी की इतक्या वर्षांत काका एकदाही लिफ्टमध्ये चढले नव्हते. घर चौथ्या मजल्यावर. हातात गव्हाची पिशवी असो की ताप असो, काका जिन्याने. "व्यायाम," म्हणायचे. बसमध्ये बसायचे ते उघड्या खिडकीशी, सिनेमाला बसायचे ते दाराशेजारी, आणि न्हाणीघराची कडी त्यांनी लग्नानंतर आजतागायत लावलेली नव्हती. बंद दारामागे काकांचा जीव घाबराघुबरा होतो, हे त्यांनी बायकोला कधी सांगितलं नव्हतं. बायकोनेही ते आपल्याला माहीत आहे असं कधी दाखवलं नव्हतं. संसार असाच तर टिकतो. पण विमानाला जिना नसतो. लेकीनेही आईला बाजूला घेऊन, म्हणजे फोनवर जितकं बाजूला घेता येतं तितकं घेऊन, हळूच विचारलं होतं, "बाबा येतील ना गं?"

तर, अंतर. काकांनी भिंतीवर जगाचा नकाशा लावला, आपल्या विमानतळावर एक टाचणी, लेकीच्या विमानतळावर दुसरी, मध्ये शिवणाच्या डब्यातला लाल दोरा ताणून बसवला आणि पट्टीने मापला. उत्तर आलं सोळा हजार किलोमीटरच्या घरात. विमान कंपनी म्हणत होती, तेरा हजार.

"तीन हजारांची गळती!" काका खुर्चीतून उठलेच. पाणीखात्यात टाकीतून निघालेलं पाणी आणि घरात पोचलेलं पाणी यांचा मेळ बसला नाही की मधल्या फरकाला गळती म्हणतात. आयुष्यात एवढी मोठी गळती काकांनी पाहिली नव्हती.

ही बातमी समोरच्या दारात पोचायला वेळ लागला नाही. समोर राहायचे फॉरेन. हे गृहस्थ मुलाकडे दोनदा विमानाने जाऊन आले होते, आणि तेव्हापासून विमान या विषयावर इमारतीत त्यांचा शब्द शेवटचा असे. ते आत आले, कमरेवर हात ठेवून दोऱ्याकडे बघितलं आणि हसले. ते हसणं काकांना फार लागलं.

"मीटरसाहेब, विमान असं सरळ जात नाही. वरून वळसा घेऊन जातं. उत्तरेकडून."

"वळसा घेऊन?"

"हो. म्हणून अंतर कमी होतं."

"वळसा घेऊन अंतर कमी होतं?" काकांनी हे वाक्य काकूंकडे बघून म्हटलं, साक्षीदार म्हणून. "अहो, पाइपाला एक वाकण टाकलं की खर्च वाढतो, दाब पडतो. मी तीस वर्षं वाकणं वाचवत आलो. आणि तुम्ही मला सांगता, वळसा घेतला की जवळ?"

"मी जाऊन आलोय दोनदा," फॉरेन म्हणाले. त्यांच्याकडे हा एकच पुरावा होता आणि तो कशालाही चालायचा.

शेवटी काकूंनी स्वयंपाकघरातून कलिंगड आणून टेबलावर ठेवलं. "जग गोल आहे म्हणतात. हेही गोल आहे. मोजा नि मग कापू या, मला फ्रीजमध्ये जागा करायचीय."

काकांनी पेनाने कलिंगडावर खंड काढले, दोन विमानतळ काढले, दोरा धरला. नकाशावर जसा आडवा होता तसा कलिंगडाच्या पोटावरून आडवा नेला तर दोरा लांब लागला. मग तो जरा वर, देठाकडे सरकवला. दोरा ढिला पडला. म्हणजे वरचा रस्ता खरोखरच जवळचा. काकांनी दोरा तीनदा पुन्हा लावून बघितला. शेवटी म्हणाले, "नकाशा छापणाऱ्यांची चूक आहे."

कलिंगड सगळ्यांनी मिळून खाल्लं. उत्तर ध्रुव फॉरेनना गेला.

तिथेच प्रकरण मिटलं असतं. पण अंतर मान्य झाल्यावर वेळेचा प्रश्न आला. तिकिटावर सकाळी सातला निघून दुपारी दीडला पोहोच, त्याच तारखेला. काकू खूश. "साडेसहा तास तर आहेत! इथून माझ्या माहेरी जायला बसला याहून जास्त लागतात."

"वहिनी, तिकडचं घड्याळ मागे असतं," फॉरेन म्हणाले. "आपण सूर्याबरोबर पळतो ना, म्हणून तो मावळतच नाही. खरे तास मोजाल तर सोळा. सलग. मध्ये कुठे थांबा नाही."

"सोळा," काका म्हणाले.

"सोळा तास दार उघडत नाही."

काकांनी कलिंगडाची सालं उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. हे काम त्यांनी यापूर्वी कधी केलेलं काकूंना आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटर वाचून वर आले ते निर्णय घेऊनच. "टेस्टिंग करायचं."

कसलं टेस्टिंग, ते सांगायला हवं. पाणीखात्यात नवी पाइपलाइन टाकली की लगेच लोकांना पाणी सोडत नाहीत. आधी दोन्ही टोकं बंद करतात, पाणी भरतात, दाब चढवतात आणि काट्याकडे बघत बसतात. काटा हलला नाही तर लाइन पास. हलला, तर कुठेतरी गळतंय, पुन्हा खणा. काकांनी आयुष्यात एकही लाइन टेस्टिंगशिवाय चालू होऊ दिली नव्हती. मंत्री उद्घाटनाला येऊन उभे असताना थांबवलं होतं.

"विमानात बसण्याआधी सोळा तास घरात बसून बघायचं. तुझी कंबर टिकते का ते कळेल."

"माझी कंबर," काकू म्हणाल्या.

"तुझीच. मला काय होतंय?"

काकूंनी मान डोलावली. आपल्या कंबरेने नवऱ्याची आजवर किती वेळा लाज राखली होती, याचा हिशेब त्यांनी ठेवलेला नव्हता.

रविवार ठरला. सकाळी सातला उड्डाण, रात्री अकराला उतरायचं. जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या खिडकीशी एकामागे एक नाही, शेजारी शेजारी लागल्या. समोर शोकेस, म्हणजे पुढच्या प्रवाशाची पाठ. गुडघा आणि शोकेस यांत किती अंतर ठेवायचं हे फॉरेननी हाताची चार बोटं लावून दाखवलं. काकांनी टेप लावून ते पक्कं केलं. पट्टे हवेत म्हणून काकांनी आपला पँटचा पट्टा काढून स्वतःला खुर्चीशी आवळलं. काकूंना त्यांच्या पर्सचा बंद मिळाला.

हे सगळं गुपचूप व्हायचं होतं. पण फॉरेनना कळलेली गोष्ट गुपचूप राहिल्याचा इमारतीच्या इतिहासात दाखला नाही. आठ वाजेपर्यंत वरच्या मजल्यावरच्या सिस्टर हजर. सिस्टर म्हणजे मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या हेडनर्स. त्यांच्या आवाजाला अजून वॉर्ड उठून बसायचा.

"पाय लोंबकळत ठेवून सोळा तास बसणार? सुजतील! दर तासाला उठायचं, स्वयंपाकघरापर्यंत जायचं आणि यायचं. टाचा वर, टाचा खाली. चला, करा. काका, तुम्ही कुणाकडे बघताय? तुमच्याशीच बोलतेय."

मग दुसऱ्या मजल्यावरची सूनबाई आली, कडेवर नऊ महिन्यांचं बाळ. "काका, विमानात मागच्या सीटवर नेहमी एक रडकं पोर असतं म्हणतात. टेस्टिंग करताय तर नीट करा की." एवढं बोलून तिने बाळ मागच्या सोफ्यावर ठेवलं आणि ती निवांत बाजारात निघून गेली. बाळाने आपलं काम अतिशय चोख केलं. दिवसभरात ज्याच्या कामात खोट काढता आली नाही असं ते एकटंच.

फॉरेन कॅप्टन झाले होते. तेच हवाई सुंदरीही होते, कारण उकडलेला बटाटा आणि पाव ताटलीत घालून तेच देत होते. "कोपरं आत! शेजाऱ्याला लागतं. आणि हा छोटा काटा घ्या, विमानात मोठा देत नाहीत." काका बटाट्याशी झुंजत असतानाच फॉरेन म्हणाले, "आता खराब हवामान," आणि त्यांनी मागून दोन्ही खुर्च्या धरून गदागदा हलवल्या. बटाटा शोकेसवर जाऊन लागला. खालच्या मजल्यावरच्या छताचा पोपडा पडला, पण ते नंतर कळलं.

"आता दारं बंद," फॉरेननी जाहीर केलं आणि घराचं दार लावलं. खिडक्या लावल्या. पडदे ओढले.

"खिडकी राहू द्या," काका म्हणाले.

"विमानाची खिडकी उघडत नाही हो."

"मी म्हणतो, एवढ्यात नको. अजून... अजून चढत असतील प्रवासी."

"उडून दोन तास झाले!"

तेवढ्यात घंटा वाजली. आणि त्या घंटेचा काकांना इतका आनंद झाला की आपण पट्ट्याने बांधलेले आहोत हे विसरून ते खुर्चीसकट उठले आणि तसेच दाराकडे गेले. पाठीवर खुर्ची, कमरेची पँट पट्ट्याविना सैल, एका हाताने ती सावरलेली. दारात सेक्रेटरी.

सेक्रेटरी हा माणूस वाईट नव्हता. पण इमारतीचे नियम त्याने स्वतः लिहिले होते, आणि स्वतः लिहिलेल्या गोष्टीवर माणसाचं जरा जास्तच प्रेम असतं. त्याच्या हातात कागद होता. त्याने काकांना पायापासून खुर्चीपर्यंत पाहिलं आणि वाचायला सुरुवात केली.

"आपल्या राहत्या घरात विनापरवानगी प्रवासी विमानसेवा सुरू असून, तिच्या हादऱ्यांमुळे खालील सदस्यांच्या छताचं नुकसान झाल्याची तक्रार..."

"थांबा," काका म्हणाले. "याला जावक क्रमांक कुठाय?"

"अं?"

"नोटीस आहे ना ही? मग जावक क्रमांक हवा, तारीख हवी, सही हवी. यातलं काही नाही. ही नोटीस नाही, ही चिठ्ठी आहे. मी सरकारी माणूस आहे. चिठ्ठीला मी उत्तर देत नसतो."

पाठीवर खुर्ची घेऊन इतक्या रुबाबात बोलणं सोपं नाही. सेक्रेटरी जरा चपापला. मग आत डोकावून म्हणाला, "बरं, पण जागा आहे का अजून?" आणि सोफ्यावर बाळाशेजारी जाऊन बसला. जावक क्रमांकाची त्याला आठवण झाली ती थेट रात्री.

दिवस पुढे सरकत होता. घंटा वाजली की दार उघडायला काका. दाराबाहेर दुधाची पिशवी राहिली, दार उघडायला काका. कुणीतरी जिन्यात खोकलं तरी "बघून येतो" म्हणून काका. फॉरेन पडदा ओढायचे. काका टाचा वर-खाली करता करता तो चार बोटं सरकवून यायचे. सिस्टरनी एकदा नाडी बघितली, मग काकूंकडे बघितलं.

चारच्या सुमाराला मंडळी चहाला स्वयंपाकघरात जमली तेव्हा काकू हळूच म्हणाल्या, "अहो, एक सांगू? नाही जमलं तर नका येऊ. मी जाऊन येईन. तिला सांगेन, बाबांचा गुडघा धरलाय. समजून घेईल ती."

प्रेमाने बोललेल्या शब्दासारखं काही लागत नाही माणसाला. फॉरेनचं हसणं परवडलं. काका ताडकन उठले. या वेळी पट्टा आधी सोडला.

"माझ्या गुडघ्याला काय धाड भरलीय? तिथे पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी ठेवायची? लोक विचारतील, बाप कुठाय, तर सांगायचं गुडघा?" मग मोठ्याने, स्वयंपाकघराकडे तोंड करून, "ओ कॅप्टन! विमानात संडास केवढा असतो?"

फॉरेन बाहेर आले. विषय त्यांच्या आवडीचा होता. "केवढा म्हणजे... तुमच्या त्या कपाटाएवढा. आत गेलं की वळता येत नाही. दार लावलं की कोपर भिंतीला."

"त्याचंही टेस्टिंग व्हायला हवं."

"राहू द्या हो," काकू म्हणाल्या.

पण पाणीखातं पेटलं होतं. झोपायच्या खोलीतलं लाकडी कपाट, त्याचा डावा कप्पा काकांनी रिकामा केला, कोट आणि चादरी पलंगावर फेकल्या, आत जाऊन उभे राहिले. "लावा दार," म्हणाले. आवाज जरासा चिरका आला. फॉरेननी दार लावलं. आणि जुनं कुलूप, जे एरवी तीनदा किल्ली फिरवल्याशिवाय लागायचं नाही, ते त्या दिवशी आपणहून लागलं. खट्.

सगळे कुलपाकडे बघायला लागले. बाळसुद्धा.

"किल्ली?" सिस्टरनी विचारलं.

"किल्ली यांच्याकडे," काकू म्हणाल्या. "खिशात. दुसऱ्या कुणावर विश्वास नाही ना यांचा."

"काका, फटीतून सरकवा!" सेक्रेटरी ओरडला.

पण फट नव्हती. मागच्या वर्षी झुरळं जातात म्हणून काकांनीच दाराला चारी बाजूंनी रबराची पट्टी बसवून घेतली होती, आणि बसवून झाल्यावर पाणी मारून तपासलीही होती. वर हवेसाठी बारीक जाळी तेवढी होती. तिच्यातून काडेपेटीची काडी गेली असती, किल्ली नाही.

आतून आधी नुसती खुडबूड ऐकू आली. मग दारावर थापा सुरू झाल्या. मग, "उघडा. उघडा हो. कुणीतरी..." हा आवाज काकांचा आहे हे ओळखायला मंडळींना वेळ लागला. सेक्रेटरी चप्पल घालायचं विसरून सुताराकडे धावला. फॉरेन कपाटाचं दार ओढत राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना दोन्ही प्रवासांतलं काही आठवेना.

"सगळे बाहेर," काकू म्हणाल्या. सिस्टरही निमूट गेल्या. हेडनर्सला हेडनर्स ओळखू येते.

काकूंनी स्टूल ओढलं, जाळीजवळ तोंड नेलं. "श्वास घ्या. मी इथेच आहे." समजूत घातली नाही, काकांची समजूत कधी घालता यायची नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी फोन लावला. तिकडे सकाळ होती.

"आई? आज टेस्टिंग ना तुमचं? बाबा कुठायत?"

"कपाटात."

लेक दचकली. फार नाही, याच घरात वाढलेली होती. "आतून बंद की बाहेरून?"

"बाहेरून. सुताराला बोलावलंय."

"फोन जाळीला लाव." मग जरा मोठ्याने, "बाबा! बरं झालं भेटलात. मला एक अडचण आलीय."

"बाळा, मी... दार..."

"हो, कळलं. ऐका ना. सत्काराला मला दहा मिनिटं बोलायचंय. धावपट्टीखालचं काम लोकांना समजावून सांगायचंय, आणि मला नीट सांगताच येत नाहीये. वाचून दाखवते. चुकेल तिथे थांबवा."

तिने वाचायला सुरुवात केली. धावपट्टी मधोमध किंचित उंच असते, दोन्ही अंगांना उतार असतो, पाणी कडेला जातं...

"किती?" आतून आवाज आला.

"काय किती?"

"उतार किती दिलास?"

"दीड टक्का."

 थापा थांबल्या होत्या. "एवढ्या रुंदीला दीड पुरेल?"

"त्याहून जास्त दिला तर विमान कलतं, बाबा."

"मग पाणी वेगाने कसं निघेल? पृष्ठभाग गुळगुळीत ठेवलात तर थर धरेल."

"म्हणून तर चरे पाडलेत. आडवे, पेन्सिलीएवढे, अख्ख्या लांबीला."

"चरे!" काका म्हणाले. हा शब्द त्यांनी असा उच्चारला, की दाराबाहेर कान लावून बसलेल्या फॉरेनना वाटलं दार उघडलं. "चरे पाडलेस? कुणाला सुचलं?"

"मला."

पुढचं संभाषण काकूंना फारसं कळलं नाही. कडेच्या नाल्यांत गाळ साचला तर काढणार कसा, चेंबर किती अंतरावर, झाकणावर विमानाचं चाक आलं तर झाकण टिकेल का, पाइपाचा सांधा कुठल्या जातीचा. काका विचारत होते, लेक सांगत होती. दोनदा काकांनी तिची चूक काढली. एकदा तिने त्यांची काढली, आणि काका चक्क "बरोबर आहे तुझं" म्हणाले. हे वाक्य काकूंच्या वाट्याला आजवर आलेलं नव्हतं. त्यांनी ते जाळीतून बाहेर पडताना नीट ऐकून घेतलं.

"आणि टेस्टिंग?" काकांनी शेवटी विचारलं. "पाणी भरून बघितलंत की तसंच चालू केलंत?"

"बाबा, सगळे घाई करत होते. तारीख ठरलेली. साहेब म्हणाले, सोडून द्या. मी म्हटलं, दोन्ही टोकं बंद करा, भरा, आणि अख्खा दिवस ठेवा. मी स्वतः काट्यासमोर बसून होते."

"मग?"

"हलला नाही."

कपाटात कुणीतरी नाक ओढलं. रबराची पट्टी असल्यामुळे ते फार लांब ऐकू गेलं नाही.

"आणि हे भाषणात घातलंस का?"

"हे कशाला घालू?"

"हेच घाल! बाकीचं राहिलं तरी चालेल. पुन्हा वाच. पहिल्यापासून."

सुतार मिळायला उशीर झाला, कारण रविवार, आणि सापडला तेव्हा तो दुसऱ्या कुणाच्या दारात अडकला होता. दोन तासांवर वेळ गेला. शेवटी आला, कुलपात हत्यार घातलं, फॉरेन, सिस्टर, सेक्रेटरी, बाळ आणि बाजारातून परतलेली सूनबाई असे सगळे श्वास रोखून उभे राहिले, आणि दार कर्रर्र करून उघडलं.

आत मीटरकाका भिंतीला टेकून, हातात टेप घेऊन, कपाटाच्या बाजूवर पेनाने चेंबरचं चित्र काढत होते. त्यांनी उजेडात डोळे बारीक केले आणि भयंकर वैतागले.

"लावा ते दार! केवढा आवाज करताय बाहेर! ती तिसऱ्या पानावर आहे."

आणि कुणी हलत नाही म्हटल्यावर स्वतः हात लांबवून त्यांनी दार ओढून घेतलं. पुन्हा खट् झालं. सुताराने हत्यारांची पिशवी जमिनीवर ठेवली आणि काकूंकडे बघितलं.

"असू दे," काकू म्हणाल्या, आणि त्यांना डोळ्यांना पदर लावायचा होता की हसायचं होतं ते ठरवता न आल्यामुळे त्यांनी दोन्ही केलं. "चहा घ्या तुम्ही. होईल त्यांचं."

तर असं ते टेस्टिंग. रात्री अकराला विमान उतरलं असं फॉरेननी जाहीर केलं तेव्हा काकू खुर्चीत गाढ झोपल्या होत्या, त्यांच्या कंबरेला काहीही झालेलं नव्हतं. सेक्रेटरीने नोटिशीवर जावक क्रमांक घातला आणि खाली लिहिलं, "सेवा बंद झाल्याने प्रकरण निकाली."

यापुढचं सगळं सुरळीत झालं असं मी सांगणार नाही. निघायच्या दिवशी काका सामानासकट जिन्यानेच उतरले. एका रविवारात माणूस किती बदलणार? खऱ्या विमानाचं दार बंद झालं तेव्हा त्यांनी काकूंचा हात असा धरला, की अंगठीचा वळ दोन दिवस राहिला. पण मग त्यांनी खिशातून कागद काढला. लेकीला विचारायचे प्रश्न त्यांना लिहायचे होते. ते लिहिता लिहिता काकूंच्या पलीकडच्या प्रवाशाने, दंतवैद्य होता बिचारा, सहज विचारलं की हे काय काढताय. मुक्कामाच्या जवळ येईपर्यंत त्या दंतवैद्याला झाकणं, चेंबर आणि आडवे चरे यांची इतकी माहिती झाली होती, की त्याला हवं असतं तर त्याने धंदा बदलला असता. काका सोळा तासांत एकदाही म्हणाले नाहीत की खिडकी उघडा.

खाली येताना ढग लागले. धावपट्टी दिसली तेव्हा तिकडे मुसळधार कोसळत होतं. विमान दोनदा डगमगलं, माणसं खुर्चीचे हात धरून बसली. मग चाकं टेकली, पाण्याचे दोन पंखे खिडकीबाहेर उडाले, आणि विमान जराही न घसरता, रेषेत, सरळ धावत गेलं. काका काचेला नाक लावून होते. धावपट्टीवरचं पाणी कडेला पळत होतं. कुठे थर नाही, कुठे डबकं नाही.

"बघ, बघ, थांबतंय का कुठे? जातंय! सगळं जातंय!"

विमान थांबलं, आणि इतक्या वाईट हवेत इतकं छान उतरवलं म्हणून सगळ्या प्रवाशांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. काकांनी पट्टा सोडला आणि ते उठून उभे राहिले. मागे वळले. छातीवर हात ठेवून, मान किंचित झुकवून, त्यांनी त्या टाळ्या घेतल्या. आधी डावीकडच्या, मग उजवीकडच्या.

"अहो, बसा," काकूंनी शर्ट ओढला. "ते पायलटसाठी आहे."

"असू दे," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते, पण मान ताठ होती. "पायलटला काय माहीत, खाली कुणाचं काम आहे!"

काकूंनी शर्ट सोडला. मग त्याही उठल्या, आणि सगळ्या विमानात सर्वांत मोठ्याने त्यांनीच टाळ्या वाजवल्या.